ताण किती दिवस द्यायचा? सहा एकर शेत आणि बेभरवशाचा पाऊस

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगोली जिल्ह्यात सहा एकर शेत, पाच एकर कोरडवाहू सोयाबीन आणि एक एकर मोसंबी. ऑगस्ट 2023 मध्ये पावसाने दडी मारली आणि फुलं गळाली. सप्टेंबर 2025 मध्ये उलटं झालं, रानात पाणी तुंबून भरलेल्या शेंगांना झाडावरच कोंब आले. विचारणाऱ्याचं म्हणणं, “मोसंबीला ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही. मग या पावसाच्या ताणातून आमचं रान आणि घर उलट मजबूत होईल, अशी मांडणी करता येते का?”

येते, पण बऱ्याच अटींवर. त्या अटी तुमच्या मोसंबीतच दिसतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ताण म्हणजे मोजून काही दिवस पाणी तोडणं. आंबे बहार (जानेवारीत पाणी सोडून फुलवायचा) धरायचा तर पाऊस संपल्यावर पाणी कमी कमी करत तोडतात आणि जानेवारीत ताण सोडतात. मध्यम जमिनीत साधारण 45 दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही म्हणून 55 ते 60 दिवस लागतात. पानं फिकी पडली, मलूल दिसू लागली, थोडी गळायला लागली की ताण बसला. तिथे थांबायचं. आणखी पंधरा दिवस ओढलं म्हणून दुप्पट फुलं येत नाहीत. कोवळ्या मुळ्या वाळतात, फांद्यांवर सल (वाळक्या काड्या) वाढते आणि पुढची दोन वर्षं झाड नुसतं सावरण्यात घालवतं. ताण सोडतानाही एकदम तुडुंब पाणी देत नाहीत. आधी निम्मं, आंबवणीचं. मग आठ-दहा दिवसांनी पुढचं. पाच वर्षांच्या आतल्या झाडाला ताण देत नाहीत. गेल्या वर्षी फळांनी वाकलेलं झाड असेल तर आधी शेणखत, विश्रांती आणि मग ताण.

म्हणजे झाड आधी धष्टपुष्ट हवं, ताणाचे दिवस मोजलेले हवेत आणि सोडण्याचं पाणी तुमच्या हातात हवं. ऑगस्ट 2023 मध्ये तुमच्या सोयाबीनला यातलं काहीच मिळालं नाही. तो 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता आणि तुमचं पीक नेमकं फुलावर होतं. असल्या ताणातून बळ येत नसतं. त्यातून फक्त वाचायचं असतं. त्यामुळे कामं दोन पडतात: मोठा धक्का लहान करून घेणं, आणि लहान धक्के मुद्दाम, वेळेवर, आपल्या हाताने देणं. लोक दुसऱ्या कामावर भाषणं ऐकतात आणि पहिलं विसरतात.

आधी मोठा धक्का. पाच एकर, एकच वाण, एकाच दिवशी पेरणी. म्हणजे पाचही एकर एकाच दिवशी फुलावर येणार आणि एकाच आठवड्यात काढणीला येणार. ज्या आठवड्यात पाऊस चुकेल त्या आठवड्यात सगळं चुकलं. जुनी माणसं ज्वारीच्या रानात तूर, मूग, तीळ, अंबाडीचे तास (ओळी) धरत, ते हौस म्हणून नव्हतं. एक गेलं तर दुसरं राहावं म्हणून होतं.

तुमच्यासाठी पाचपैकी तीन एकरांत सोयाबीन-तूर 4:2 धरा: चार तास सोयाबीन, दोन तास तूर. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं आणि तुरीला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा मिळते. तूर बीडीएन-711 घेतली तर 150-155 दिवसांत येते, बीडीएन-716 त्याहून दहा-पंधरा दिवस उशिरा. ऑगस्टची उघडीप सोयाबीनला फुलात गाठते, पण तुरीची फुलं तेव्हा यायचीच असतात आणि तिची मुळी खोल गेलेली असते. उरलेल्या दोन एकरांत निव्वळ सोयाबीन, पण वाण वेगळा आणि पेरणी आठ-दहा दिवस उशिरा. जेएस-9305 सारखा लवकर येणारा एका तुकड्यात आणि फुले संगमसारखा जरा उशिराचा दुसऱ्या तुकड्यात, असं केलं की फुलोऱ्याचे दिवस फाकतात. मात्र उशिरा म्हणजे किती, तर सोयाबीन 15 जुलैच्या पुढे नेऊ नका. त्यानंतर पाऊस आला तर त्या तुकड्यात तूर, सूर्यफूल किंवा एरंडी.

यात कुठे बिघडतं तेही सांगतो. तुरीला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, म्हणून 4:2 चा पट्टा चढाच्या अंगाला. सखल कोपऱ्यात तूर टाकली की मर (झाड वाळवणारा रोग) लागते आणि दोष वाणाला दिला जातो. दुसरं, फक्त सोयाबीनसाठीचं तणनाशक वारा धरून तुरीच्या तासांवर गेलं तर तूर पिवळी पडते किंवा जळते. लेबलवर दोन्ही पिकांची नावं नसतील तर फवारू नका. तिसरं म्हणजे हार्वेस्टर. तुरीचे तास उभे असताना तो रानात घालता येत नाही, सोयाबीन हाताने कापावं लागतं. मजुरी वाढते हे खरं आहे आणि ती आधीच हिशेबात धरा. हा विम्याचाच एक हप्ता समजा.

दुसरा मोठा धक्का पाण्याचा, कमी आणि जास्त दोन्ही. रुंद वरंबा सरी हा यावरचा एकच उपाय मला दोन्ही टोकांना चालताना दिसतो. बीबीएफ यंत्राने (रुंद वरंबा सरी काढत पेरणाऱ्या) पेरलं तर दोन सऱ्यांमध्ये सोयाबीनचे चार तास बसतात, उघडिपीत सरीत मुरलेली ओल वरंब्याला मिळते आणि अतिवृष्टीत तीच सरी पाणी बाहेर काढते. बियाणंही एकरी 30 ऐवजी 22 ते 24 किलो पुरतं. यंत्र मिळालं नाही तर नेहमीसारखी पेरणी करा आणि पीक 30-35 दिवसांचं झालं की कोळप्याला (तासांमधली माती हलवायच्या औजाराला) दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर एक सरी काढा. सऱ्या उताराला आडव्या, थोडासाच ढाळ देऊन. आणि सरीचं तोंड! जूनमध्ये सगळे सऱ्या काढतात, ऑगस्टमध्ये तोंडं गवताने आणि गाळाने बुजतात, सप्टेंबरच्या पावसात पाणी आत अडकतं. पोळ्याच्या आसपास एक दिवस फावडं घेऊन प्रत्येक सरीचं तोंड मोकळं करणं हे फवारणीइतकंच महत्त्वाचं काम आहे, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही.

शेततळ्याचा हिशेब लोक फुगवून करतात. 30 × 30 × 3 मीटरच्या तळ्यात सुमारे 2196 घनमीटर पाणी मावतं, म्हणजे 22 लाख लिटर. एका एकरावर 5 सेंटिमीटर पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. बाष्पीभवन आणि पाझर वजा केला तर तुमच्या पाच एकरांना एक पाणी होईल आणि मोसंबीसाठी थोडं उरेल. तुषार सिंचनाने 3 सेंटिमीटरच दिलं तर एकरी सव्वा लाख लिटरच्या आत भागतं आणि दोन पाळ्या निघतात. म्हणून हे पाणी कधी उपसायचं यालाच किंमत आहे. सोयाबीनचं फूल लागताना (35 ते 45 दिवस) आणि शेंगा भरताना, एवढ्याच वेळा. विसाव्या दिवशी दुपारी पानं जरा मलूल दिसली म्हणून मोटर चालू करू नका.

इथून दुसरं काम सुरू होतं, आपल्या हातातला ताण.

पेरणीनंतर वीस-पंचवीस दिवसांत ओल थोडी कमी पडली तर सोयाबीनचं फारसं नुकसान होत नाही. उलट मुळी ओलीच्या मागे खाली जाते. याच दिवसांत भरपूर पाणी आणि वर युरिया मिळाला की झाड उंच, लुसलुशीत होतं, मुळी वरच राहते आणि ऑगस्टच्या पहिल्या उघडिपीत तेच झाड आधी मान टाकतं. या काळात पाण्याऐवजी कोळपं चालवा. तीस दिवसांच्या आत दोन कोळपण्या. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे खरं आहे, कारण वरचा दोन बोटांचा थर भुसभुशीत झाला की खालच्या ओलीची वाट तुटते आणि काळ्या रानाला भेगा पडत नाहीत. फक्त वाफसा (रान ना चिखल ना कोरडं) असतानाच. ओल्या रानात कोळपं चालवलं तर ढेकळं होतात.

ताण सोसवतोय की मोडतोय हे वरून बघून कळत नाही. पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी रानात चार ठिकाणची चार झाडं खुरप्याने मातीसकट उचला, उपटू नका. माती पाण्यात हलकेच सोडवा. मुळांवरच्या गाठी नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठी काम करतायत, नत्र झाडाला मिळतंय. हिरवट किंवा पांढऱ्या असतील तर नाही. सोटमूळ सरळ खाली गेलंय की चार बोटांवर आडवं वळलंय, तेही बघा. आडवं वळलं असेल तर खाली नांगराचा कडक थर आहे आणि तिथे ताणाने बळ येणार नाही, पीक जाईल. त्या तुकड्याला संरक्षित पाण्यात पहिला नंबर द्या आणि पुढच्या उन्हाळ्यात खोल नांगरट. आणखी एक खूण: दुपारी कोमेजलेलं झाड सकाळी सहाला ताठ असेल तर थांबा. सकाळीही पानं लोंबत असतील तर ताण हाताबाहेर गेला. पाणी नसेलच तर 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) हे खत 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. त्याने आठवडाभर तग धरायला मदत होते, पाण्याची जागा ते घेत नाही.

मुद्दाम केलेल्या इजेने पीक वाढतं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे तुरीची शेंडा खुडणी. तूर 45 दिवसांची झाली की शेंडा वरून दोन इंच खुडायचा. शेंडा असेपर्यंत झाड वर पळतं. तो गेला की खालच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातला झोपलेला डोळा जागा होतो आणि एका खोडाच्या जागी फांद्यांचा घोळका तयार होतो. शेंगा फांद्यांवर लागतात, म्हणून हा खटाटोप. जोमदार वाढ असेल तर दुसरी खुडणी 65 दिवसांच्या आसपास. फक्त कोवळा शेंडा, बोटांनी किंवा धारदार विळ्याने. कळ्या दिसू लागल्यावर खुडलं तर तुम्ही शेंगाच खुडल्या. झडीच्या पावसात खुडलं तर जखमेतून बुरशी शिरते, दोन दिवसांची उघडीप बघा. आणि रानात ओल नसताना खुडू नका, कारण फुटायला पाणी लागतं. नेमक्या त्याच अटी, मोसंबीच्या ताणाच्या. पन्नास झाडं न खुडता ठेवा आणि काढणीपर्यंत फरक स्वतः बघा.

आता लहान तोट्यांबद्दल. मोठा तोटा टाळायचा असेल तर लहान तोटा विकत घ्यावा लागतो, आणि त्यात सगळ्यात स्वस्त म्हणजे गोणपाटावरची उगवण चाचणी. मेच्या मध्यावर करा, जूनमध्ये नको; नापास झालं तर दुसरं बियाणं शोधायला वेळ हवा. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी काढून मिसळा. न निवडता 100 दाणे मोजा. चांगले चांगले वेचलेत तर चाचणी तुमची होईल, बियाण्याची नाही. गोणपाट भिजवून पिळून घ्या, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, वर दुसरा ओला तुकडा, सैल गुंडाळी, सावलीत. रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा आणि ज्यांना मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत एवढेच मोजा. असं तीनदा, सरासरी काढा. 70 च्या वर आले तर एकरी 30 किलो. 62 आले तर 30 गुणिले 70 भागिले 62, म्हणजे 34 किलो. साठच्या खाली असेल तर ते बी पेरू नका. पाणी ठिबकेपर्यंत गोणपाट ओलं ठेवलं किंवा सुतळीने करकचून बांधलं तर चांगलं बीही सडतं आणि चाचणी खोटं बोलते.

सोयाबीन सरळ वाणाचं आहे (संकरित नाही), घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं. पण त्याचं साल फार पातळ असतं. बियाण्याचा माल मळताना मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला 300 ते 400 ठेवा, पोती फेकू नका, थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नको. घरात 2 क्विंटल तपासलेलं बी असलं तर दुबार पेरणीची वेळ आली तरी दुकानासमोर उभं राहावं लागत नाही. पेरणीची घाईही कमी होते, हे त्याहून मोठं.

पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापक केंद्रावरचा आकडा वेगळा आणि तुमच्या बांधावरचा वेगळा. सरळ भिंतीचा डबा, उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा, रोज सकाळी फूटपट्टीने मोजून वहीत लिहा. 1 मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर. शिवाय काडी खुपसून बघा, वीतभर ओल हवी. नुसत्या वरच्या ओलीवर पेरलेलं बी उगवतं आणि मग वाळतं.

पैशाबाबत थोडक्यात, पण टाळता येत नाही म्हणून. रान कितीही लवचीक केलं तरी घर कडक असेल तर मोडतं. कडक म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता आणि वर्षातून एकदाच येणारा पैसा. पाच एकर कोरडवाहूच्या जिवावर ट्रॅक्टरचा हप्ता घेऊ नका, भाड्याने नांगरून घ्या. हे मी कुणालाही सांगेन. काढणी झाल्या झाल्या पहिलं काम पुढच्या खरिपाचं बी, खत आणि तीन महिन्यांचा किराणा एवढी रक्कम बाजूला काढण्याचं. पीक शून्य आलं तरी पुढची पेरणी उधारीशिवाय होईल, ही पातळी गाठेपर्यंत बाकी सगळे खर्च थांबले तरी चालतील.

भाव पडलेले असताना सगळा माल एकदम बाजारात नेऊ नका. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत 1990-91 पासून चालू आहे. सोयाबीन, तुरीवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. सगळ्याच समित्या राबवतात असं नाही, दसऱ्याआधी चौकशी करा. ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर माल गोदामात तापतो. यातही मर्यादा आहे. भाव वाढेलच असं नाही, म्हणून निम्माच माल ठेवा.

पीकविम्याचं गणित बदललंय हे लक्षात घ्या. 2023 च्या खरिपापासूनचा एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. सोयाबीनला आता विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता आहे आणि भरपाई महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगांतल्या सरासरी उत्पन्नावर निघते. तुमचं एकट्याचं रान बुडालं आणि मंडळ बऱ्यापैकी पिकलं तर हाती काही येत नाही. काढावा, पण त्यावर उभं राहू नये.

त्यापेक्षा चार उस्मानाबादी शेळ्या. पाच महिन्यांचा गाभणकाळ, जुळी करडं नेहमीची, आणि करडू कोणत्याही आठवडी बाजारात विकलं जातं. तुरीचा पाला आणि सोयाबीनचा भुसा घरचाच. पावसाळ्याआधी पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस चुकवू नका. एका रात्रीत गोठा रिकामा होतो तो याच दोन रोगांनी. चाराचे वीस करायची घाईही नको. मग तोच पुन्हा एक मोठा जुगार होतो.

शेवटी, “नवीन काही करून बघायला भीती वाटते,” असं तुम्ही लिहिलंय. पाच एकरांवर करून बघायची भीती वाटायलाच हवी. त्यासाठी 10 गुंठे वेगळे काढा. गेले तर पाव एकर गेलं. नियम असे: एका हंगामात एकच बदल, शेजारी जुन्या पद्धतीचा तेवढाच पट्टा, आणि अशी जोडी रानात दोन ठिकाणी, म्हणजे एक चढाला आणि एक सखलाला. काढणीला वेगळं मळायचं आणि काट्यावर तोलायचं. ‘जरा बरं दिसतंय’ हा आकडा नाही. खर्चही त्याच वहीत लिहा, कारण क्विंटलभर जास्त आलं आणि त्याला त्याहून जास्त खर्च झाला असं पुष्कळदा होतं. दोन वर्षं दोन वेगळ्या पावसांत टिकलेली गोष्ट तिसऱ्या वर्षी एक एकरावर न्या.

येत्या खरिपात त्या 10 गुंठ्यांत बीबीएफवर सोयाबीनचा एमएयूएस-612 लावा आणि शेजारच्या 10 गुंठ्यांत तोच वाण, त्याच दिवशी, सपाट. वरंब्यावर बी साडेपाच-सहा किलो आणि सपाटाला साडेसात किलो लागेल.